पाच हजार सहाशे दोन तुकडे

जुन्या लुगड्याला आणि विरलेल्या धोतराला मराठी घरात सहसा लवकर मरण येत नाही. अंगावरून उतरलेल्या वस्त्राचा जो भाग अगदीच जीर्ण झालेला असतो, त्याचे पोतेरे होते. पण जो भाग अद्याप धड असतो, तो घरातील वडीलधारी बाई बाजूला काढून ठेवते. अशा चिंध्यांचे बोचके पुरेसे फुगले, की उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी ओसरीवर एक जुने लुगडे अंथरले जाते, त्यावर पदरांमागून पदर पसरले जातात, रंगीबेरंगी ठिगळे मांडली जातात आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा फिरू लागतो. काही दिवसांत गोधडी तयार होते. कोणी तिला वाकळ म्हणतात. नाव कोणतेही असो, तिची ऊब एकच असते.

थंडी आणि काटकसर या दोन गोष्टी कोणत्याही एका देशाच्या मालकीच्या नाहीत. म्हणूनच चिंध्या जोडून पांघरूण करण्याची कला पृथ्वीच्या पाठीवर पुष्कळ ठिकाणी स्त्रियांनी आपापल्या परीने वाढविली. उत्तर अमेरिकेत अशा पांघरुणाला क्विल्ट म्हणतात. त्याचे पदर तीन. वरचा पदर रंगीत तुकड्यांचा, मधला कापसाचा किंवा लोकरीचा आणि खालचा अस्तराचा. हे तिन्ही पदर बारीक टाक्यांनी एकजीव केले, की क्विल्ट पुरी झाली. तथापि तिचे सारे वैभव वरच्या पदरात असते. तो पदर एकसंध शिवत नाहीत. लहान लहान चौकोन वेगवेगळे तयार करावयाचे आणि मग ते ओळीने जोडावयाचे, अशी तेथील रीत आहे. या चौकोनाला तिकडे ब्लॉक म्हणतात.

बहुतेक क्विल्टींत एकच नक्षी प्रत्येक चौकोनात पुन:पुन्हा येते. परंतु एक प्रकार असा आहे, की त्यातील प्रत्येक चौकोन निराळा असतो. तिला सॅम्प्लर क्विल्ट म्हणतात. सॅम्प्लर म्हणजे नमुन्यांचा संग्रह. पूर्वी युरोप-अमेरिकेतील मुली कापडाच्या एका पट्टीवर निरनिराळे टाके आणि मुळाक्षरे भरून आपला हात बसवीत. ती पट्टी म्हणजे सॅम्प्लर. तीच कल्पना पुढे गोधडीत आली. एका सॅम्प्लर क्विल्टमध्ये शिवणारीने शिकलेल्या, पाहिलेल्या आणि स्वत: कल्पिलेल्या नक्ष्या शेजारी शेजारी नांदतात. ती जणू सुईने लिहिलेली वही असते.

या नक्ष्यांची नावेही मोठी गमतीची आहेत. ती विद्वानांनी ठेवलेली नाहीत. चूल, गोठा आणि शेत यांतून ती आपोआप उगवली आहेत. एका नक्षीचे नाव ‘अस्वलाचा पंजा’, दुसरीचे ‘उडती रानबदके’, तिसरीचे ‘लोणी घुसळण्याची रवी’. वेड्यावाकड्या वळणांची एक नक्षी आहे. तिला ‘झिंगलेल्याची वाट’ म्हणतात. ‘ओंडक्यांचे घर’ या नक्षीत मध्ये एक लहान चौकोन असतो आणि त्याभोवती ओंडके रचावेत तशा कापडाच्या पट्ट्या रचतात. मधला चौकोन पुष्कळदा तांबडा घेतात, कारण तो म्हणजे घरातील पेटती चूल, असे मानतात. सर्वांत साधी नक्षी ‘नऊ ठिगळां’ची. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन चौकोन. लहान मुलींच्या हाती सुई दिली, की पहिला धडा बहुधा हाच असे.

हे चौकोन तयार करण्याच्या रीती मुख्यत: दोन. पहिली तुकड्याला तुकडा जोडण्याची आणि दुसरी कापडावर कापड बसविण्याची.

जोडकाम वरवर पाहता सोपे वाटते, पण ते हिशेबाचे काम आहे. प्रथम जाड कागदाचा किंवा पत्र्याचा साचा करतात, तो कापडावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारतात आणि रेघेच्या बाहेर सर्व बाजूंनी पाव इंच कापड शिवणीसाठी राखून तुकडा कापतात. मग दोन तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून रेघेवरून बारीक धावदोरा घालतात. एक इंचाचा चौकोन दिसावयास हवा असेल, तर दीड इंचाचा कापावा लागतो. गणित करून पाहिले, तर दिसणाऱ्या एका चौरस इंचासाठी सव्वादोन चौरस इंच कापड खर्ची पडते. निम्म्याहून अधिक कापड शिवणीच्या आत दडून राहते. ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही, परंतु जे दृष्टीस पडते ते त्याच्याच आधाराने टिकते.

तुकडे कोणत्या क्रमाने जोडावेत, यालाही शास्त्र आहे. दोन त्रिकोणांचा एक चौकोन, चौकोनांची एक पट्टी आणि पट्ट्यांचा एक ब्लॉक, असा लहानाकडून मोठ्याकडे प्रवास करावा लागतो. क्रम चुकला, तर असा एखादा कोपरा उरतो, की जेथे सरळ टाका जाऊच शकत नाही. त्रिकोणाच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. त्याची एक तरी बाजू उरेब, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपी, कापली जाते. उरेब कापड ओढले की ताणते आणि ताणलेली बाजू पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून ती बाजू शिवताना बोटांचा स्पर्शही हलका ठेवावा लागतो. शिवण झाली, की ती गडद रंगाच्या बाजूला दाबून बसवितात. नाहीतर फिक्या कापडाखालून गडद कडा डोकावू लागते.

आणि मोजमाप! इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. एका चौकोनात अर्ध्या सुताची चूक झाली, तर ती डोळ्याला जाणवतही नाही. पण अशा तेरा चौकोनांची ओळ जोडली, की साडेसहा सुतांचा, म्हणजे पाऊण इंचाहूनही अधिक फरक पडतो आणि ती ओळ शेजारच्या ओळीला काही केल्या मिळत नाही. तेथे एकच उपाय उरतो. शिवण उसवावयाची आणि पहिल्यापासून पुन्हा घालावयाची. शिवणाऱ्या बाईची खरी परीक्षा टाका घालताना होत नाही, ती उसवताना होते.

दुसरी रीत कापडावर कापड बसविण्याची. तिला ॲप्लिके असे फ्रेंच नाव आहे. जेथे सरळ रेघांनी भागत नाही, पान, फूल, चंद्रकोर असे वळणदार आकार हवे असतात, तेथे ही रीत उपयोगी पडते. पानाचा आकार किंचित मोठा कापून तो खालच्या पांढऱ्या कापडावर ठेवतात. सुईच्या टोकानेच त्याची कड थोडी थोडी आत मुडपीत जातात आणि मुडपलेल्या घडीचा जेमतेम एखादा धागा पकडून टाका घालतात. दोरा खालच्या कापडाच्या रंगाचा घेत नाहीत, पानाच्या रंगाचा घेतात. त्यामुळे टाका पानात लपून जातो. आत वळणाऱ्या कडेला कात्रीने बारीक चिरा द्याव्या लागतात, नाहीतर ती आत मुडपतच नाही. पानाचे टोक सर्वांत कठीण. तेथे दोन बाजूंच्या घड्या एकमेकींवर येऊन गाठ जमते. ती तुसाइतकी बारीक करून आत सारावयाची असते. देठ आधी, मग पान आणि शेवटी फूल, हा क्रमही पाळावा लागतो. कारण देठाचे उघडे टोक फुलानेच झाकावयाचे असते. जोडकामाला भूमिती हवी, तर या कामाला हस्तलाघव हवे. ज्या गोधडीत दोन्हींचा मेळ बसतो, ती शिवणारीचे सारे आयुष्य सांगू शकते.

अशी एक गोधडी अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हर्माँट राज्यात आहे. ती शिवणाऱ्या बाईचे नाव जेन स्टिकल. जेनबाईंचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी त्याच राज्यातील शाफ्ट्सबरी या गावी झाला. वॉल्टर स्टिकल यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. त्यांना स्वत:चे अपत्य नव्हते. परंतु परिसरातील निदान तीन मुलांचा सांभाळ त्या दांपत्याने केला. १८६० च्या खानेसुमारीत जेनबाईंची नोंद सापडते. वय ४३, व्यवसाय शेती, घरात एकट्याच. पती काही काळ वेगळे राहत होते; पुढे ती दोघे पुन्हा एकत्र आली. व्हर्माँटचा हिवाळा दीर्घ आणि बर्फाचा. शेतावर एकट्या राहणाऱ्या बाईच्या वाट्याला कोणकोणती कामे येत असतील, हे खेड्यातील कोणाही मुलाला सांगावयास नको. त्या कामांतून उरलेल्या वेळात ही गोधडी आकाराला आली.

गोधडीची लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे ८० इंच आहे. मधल्या भागात पाच-पाच इंचांचे चौकोन आहेत. तेरा ओळी, प्रत्येक ओळीत तेरा, एकूण १६९. त्यांच्याभोवती ५२ त्रिकोणांची झालर आणि चार कोपरे. अशा २२५ नक्ष्या, आणि त्यांतील एकही दुसरीसारखी नाही. भागाकार केला, तर एका नक्षीच्या वाट्याला सरासरी २५ तुकडे येतात. पाच इंचांच्या चौकोनात पंचवीस तुकडे म्हणजे कित्येक तुकडे करंगळीच्या नखाएवढेच! बहुतेक चौकोन पांढऱ्या कापडावर एकाच छापील कापडाचे आहेत, तरीही डोळा कंटाळत नाही. एका चौकोनावरून दुसऱ्यावर तो कुतूहलाने सरकत राहतो.

पण या गोधडीचे मोल केवळ तिच्या कारागिरीत नाही. तिच्या एका कोपऱ्यात जेनबाईंनी धाग्याने काही अक्षरे काढली आहेत. त्यांचा मराठीत अर्थ असा: युद्धकाळी, १८६३. तुकडे ५६०२. जेन ए. स्टिकल.

ते युद्ध म्हणजे अमेरिकेतील यादवी युद्ध. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून फुटली आणि १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे एकाच देशाची माणसे एकमेकांवर शस्त्र धरून उभी राहिली. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्ततेची घोषणा अमलात आणली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात गेटिसबर्ग येथे तीन दिवस घनघोर लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५०,००० सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. त्या रणात व्हर्माँटच्या पलटणीही होत्या. त्या राज्याची लोकसंख्या अवघी ३,१५,००० च्या घरात. त्यातून सुमारे ३४,००० माणसे युद्धावर गेली आणि पाच हजारांहून अधिक परत आली नाहीत. असे गाव क्वचितच असेल, की जेथे एखाद्या घराचे दार कोणाची तरी वाट पाहत उघडे राहिले नाही.

त्या वर्षी देशभर मोजदाद चालू होती. ती होती पलटणींची, तोफांची, जखमींची आणि मृतांची. वृत्तपत्रांचे रकाने आकड्यांनी भरून जात होते. अशा काळी एका खेड्यातील शेतकरी बाई आपल्या घरात बसून वेगळीच मोजदाद करीत होती. तिने शोकाचे शब्द लिहिले नाहीत, जयघोषही लिहिला नाही. कोणता काळ, किती तुकडे, कोणाचे हात, एवढेच तिने नोंदवून ठेवले. पाच हजार सहाशे दोन ही संख्या अंदाजाने येत नाही. प्रत्येक तुकडा ज्याने स्वत: कापला, जोडला आणि स्मरणात ठेवला, त्यालाच ती सांगता येते. माणसे हजारांच्या गणतीत हरवून जात असताना, एकेक लहान वस्तू वेगळी मोजावी आणि तिला तिची जागा द्यावी, हेही एक प्रकारचे धैर्यच होते.

या गोधडीतील कापडालाही त्या युद्धाचा इतिहास चिकटलेला आहे. अमेरिकेच्या उत्तर भागातील गिरण्यांत जे सुती कापड विणले जाई, त्याचा कापूस दक्षिणेतून येई. आणि दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांत गुलाम राबत. व्हर्माँटने आपल्या १७७७ च्या घटनेतच प्रौढ माणसांच्या गुलामगिरीला मनाई केली होती. असे असूनही तेथील घराघरांतील सुती कपड्यांत गुलामांचा घाम विणलेला असे. चिंधी निरागस दिसते, पण ती कोठून आली असे विचारू लागलो, तर तिचा धागा दूरवर जातो.

हा धागा महाराष्ट्रापर्यंतही येऊन पोचतो. युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरात येथील कापसाचे भाव भराभर चढले, मुंबई बंदरात कापसाच्या गासड्यांचे ढीग लागले आणि शहरात पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि सट्ट्यात गुंतलेल्या अनेक पेढ्या धुळीला मिळाल्या. जेनबाई ज्या वर्षी शाफ्ट्सबरीत तुकडे मोजीत होत्या, त्याच वर्षी वऱ्हाडातील शेतकरी आपल्या कापसाला कधी न मिळालेला भाव पाहून चकित होत होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. तरीही एकाच युद्धाची सावली दोघांच्या अंगणात पडली होती.

जेनबाई १८९६ मध्ये निवर्तल्या. त्यांची गोधडी आज व्हर्माँटमधील बेनिंग्टन येथील संग्रहालयात आहे. दीडशेहून अधिक वर्षांचे ते सुती कापड आता फार नाजूक झाले आहे. प्रकाशाने रंग उडतात आणि धागे कमकुवत होतात, म्हणून वर्षातून थोडे आठवडेच, शरद ऋतूत, ती लोकांना पाहावयास मिळते. एरव्ही ती अंधारात विसावते. १९९६ मध्ये ब्रेंडा पापाडाकिस या बाईंनी तिच्या २२५ नक्ष्यांचे आराखडे काढून एक पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हापासून कित्येक देशांतील स्त्रिया जेनबाईंचे चौकोन एकेक करून शिवू लागल्या. कोणाला ते पुरे करावयास वर्ष लागते, कोणाला अनेक वर्षे लागतात. एका एकाकी घरात जन्मलेल्या नक्ष्या अशा रीतीने हजारो घरांत पोचल्या.

येथे आपल्या गोधडीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मराठी घरांतून आजवर किती गोधड्या शिवल्या गेल्या असतील आणि त्यांत किती तुकडे असतील! पण त्या शिवणाऱ्या आज्या, आत्या आणि मावश्या यांनी कोपऱ्यात आपले नाव घातले नाही, तुकड्यांची संख्या लिहिली नाही. कित्येकींना अक्षरओळखच नव्हती. आणि ज्यांना ती होती, त्यांनाही आपल्या कामाखाली सही करावी, असे कधी सुचले नाही. ती गोधडी संग्रहालयासाठी शिवलेलीही नव्हती. ती बाळंतिणीच्या खोलीत गेली, पाळण्यात गेली, आजाऱ्याच्या पायांवर पडली, वर्षानुवर्षे धुतली गेली आणि शेवटी ऊब देता देता झिजून संपली. जे वस्त्र वापरात संपते त्याचे सार्थक झाले, असे म्हणावयास हरकत नाही. पण वस्त्राबरोबर ते शिवणाऱ्या हातांचे नावही संपावे, ही गोष्ट मात्र मनाला लागते.

जेन स्टिकल यांचे नाव उरले, ते कोपऱ्यातील चार अक्षरांमुळे. आपल्या घरांतील नावे कापडावर नाहीत, माणसांच्या स्मरणात आहेत. आणि स्मरणाचे वस्त्र सुती वस्त्राहूनही लवकर विरते. घरात जुनी गोधडी असेल, तर ती कोणी शिवली, त्यातील हिरवे ठिगळ कोणाच्या लुगड्याचे आणि पांढरा पदर कोणाच्या धोतराचा, हे घरातील वृद्धांना विचारून लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आहेत, तोवरच ते कळू शकते.